लोलक नसलेली घंटा

एकदा काय झालं, लांब जपानात एक किल्ला पडला. आत येशूला मानणारी माणसं होती, आणि तिथल्या राजानं येशूला मानायची बंदी केली होती. गोळ्या संपल्या तेव्हा त्यांनी प्रार्थनेच्या घंटेचा लोलक वितळवून गोळ्या केल्या, आणि मुकी घंटा कोरड्या विहिरीत टाकली. मग सगळे मेले. सगळे, बरं का.

किल्ल्याचे नुसते दगड उरले. खालच्या गावात तोमेआजी आणि तिची चार वर्षांची नात हारू राहायच्या. त्याही येशूच्याच, पण चोरून. घासाआधी हारूचा हात कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना जायचा. ही क्रुसाची खूण आजीनंच तिला मऊ भाताबरोबर शिकवलेली. आता नको म्हटलं तरी हात का ऐकतो?

मग येशूची माणसं हुडकायला राजाचा अंमलदार आला. गोड बोलायचा मेला. वर किल्ल्यातल्या त्या कोरड्या विहिरीच्या काठावर बसला, सगळा गाव समोर बसवला. मोठी माणसं लपवाछपवीत तरबेज, म्हणून त्यानं पोरांनाच बोलावलं. तांदळाचा लाडू द्यायचा आणि हाताकडे बघायचा. हात कपाळाला गेला की ते घर संपलं.

हारूची पाळी आली. पहिला लाडू तिनं आजीला दिला. अंमलदार हसला. मग दुसरा दिला, तो तिनं बाहीत ठेवला, नंतर खायला. अंमलदार हसायचा थांबला.

मग तिसरा. "माझ्यासमोर खा, बाळ," तो म्हणाला.

तोमेआजीला खोकून तिला सावध करायचं होतं, पण शिपायाचा भाला तिच्या पाठीला टेकला होता. मीच शिकवलं, मीच मारलं, असं तिला वाटलं. हारूचा हात हळूच वर निघाला.

ठण्ण!

विहिरीतून, थेट अंमलदाराच्या खालून. सगळ्या माना तिकडे वळल्या. हारूनं सावकाश कपाळ, छाती, खांदे केले आणि लाडू तोंडात टाकला. ठण्ण, पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा अंमलदार चपला टाकून पळत होता. त्याच्यामागे शिपाई.

पुन्हा कुणी त्या गावात आलं नाही. हारू मोठी झाली, तिची पोरं झाली, सगळी सुखानं जेवली.

आजीनं मात्र विहिरीत दिवा सोडून पाहिला. घंटा तळाशी उताणी. लोलक नव्हताच.

कुणी वाजवली? ज्यांनी तो वितळवला, त्यांना ठाऊक. चला, हात पांघरुणात घ्या आणि झोपा. मी इथंच बसलेय.