गालाला लावलेला तुकडा

फार पूर्वी, कापडंही एकमेकांशी बोलत तेव्हा, द्वारकाबाईंच्या बोचक्यात जुन्या लुगड्याचा एक विटलेला तुकडा होता. आपलं पोतेरं होणार, याची त्याला रोज धास्ती वाटे.

एकदा लेकीच्या तान्ह्या बाळासाठी दुपटं शिवायला द्वारकाबाईंनी बोचकं सोडलं.

"आजोबा, सरका," खळीने ताठ झालेला नवा तुकडा म्हणाला. "दुपट्यात आम्ही, फरशीवर तुम्ही!"

जुना तुकडा अंग चोरून बाजूला सरकला.

द्वारकाबाईंनी नवा तुकडा उचलून स्वतःच्या गालावरून फिरवला. "टोचतंय गं बाई!" मग जुना गालाला लावला आणि तिथेच थोडा वेळ धरून ठेवला. "हा आतून, बाळाच्या अंगाला."

जुन्या तुकड्याचा जीव भांड्यात पडला. नव्याला त्यांनी बाहेरच्या बाजूने शिवलं.

दुपट्यात बाळ झोपल्यावर नव्याने हळूच विचारलं, "आजोबा, मी कायमचाच टोचणार का हो?"

"छे रे, सुरुवातीला सगळेच टोचतो. धुण्यात जाऊन जाऊन मऊ होतो."

"पण इतकं धुणं होणार कधी?"

तेवढ्यात बाळाने दुपटं ओलं केलं.

"हे बघ," आजोबा हसले, "झाली सुरुवात."