माळेतला बोल्ट

चैतातली दुपार पेंगुळली होती. झुंबरशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, दारावर जुन्या लोखंडी भागांची माळ वाऱ्यावर किणकिणत होती. ठकूबाईने इंजिनाचा तुटका बोल्ट नटासकट पुढे ठेवला. तिचा म्हातारा ट्रॅक्टर तीन दिवस शेतातच निजला होता.

"मावशी, असला बोल्ट आता त्रिभुवनात नाही," शेठ न बघताच म्हणाला. "ट्रॅक्टर भंगारात घाला, आमच्याकडून नवा घ्या."

ठकूबाई किणकिण ऐकत राहिली. तिला त्यात आपल्याच इंजिनाचा आवाज आला. तिने माळेतला एक बोल्ट सोडवला, जुना नट त्यावर फिरवला. अलगद बसला.

"मावशी, तो माझा आहे!" शेठ धडपडत उठला.

"जो त्रिभुवनात नाही, तो मी नेला तर तुमचं काय गेलं, शेठ?"

माळेतला एक सूर त्या दिवशी हरवला. संध्याकाळी तो शेतातून ऐकू आला.