घरचा फोटो

इंटरनेटच्या सगळ्या वाटा उघड्या होत्या, त्या काळी ब्राउझरच्या दारावरचं कुलूप नुसतं लोंबत असे. कुणीही यावं, कुणीही जावं. पुढे वाटमारी वाढली, बंदिस्त वाटा बांधल्या गेल्या आणि कुलूप लागू लागलं.

एके दिवशी एका शाळेचं पान उघडलं. सगळी अक्षरं बंदिस्त वाटेने शिस्तीत आत आली. मागून धापा टाकत, जुन्या उघड्या वाटेने आला स्नेहसंमेलनाचा फोटो. कुलपाने त्याला दारातच अडवलं.

"अरे, मी घरचाच की," फोटो म्हणाला. "विसरलास मला?"

कुलूप विसरलं नव्हतं. फोटोतली फेटे बांधलेली पोरं पाहून त्याला ते मोकळे दिवस आठवले. सेटिंगमधलं परवानगीचं बटण हाताशीच होतं. ते दाबलं की फोटो आत येणार होता. कुलपाचा हात बटणापर्यंत गेलासुद्धा.

"जरा पाठ फिरव," ते म्हणालं.

फोटोच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलेली होती: 'तुम्हाला बक्षीस लागलंय, इथे दाबा.'

फोटो ओशाळला. "मला तर वाटेत कुणीच भेटलं नाही."

"भेटलं. तुला कळलं नाही, एवढंच. तू घरचाच आहेस रे, पण ती वाट आता घरची राहिली नाही."

फोटो परतला. पानावर त्याची चौकट रिकामी राहिली. काही वेळाने तो बंदिस्त वाटेने आला. कुलपाने आधी त्याची पाठ पाहिली, मगच त्याला आत घेतलं.