गेनबाने कंपनी धरली

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. भोळा हा गावाने सभ्यपणे वापरलेला शब्द. खरा शब्द वेगळा आहे, तो गोष्ट संपेपर्यंत तुम्हाला आपोआप सुचेल. त्याचं नाव गेनबा.

गेनबाला ट्रक उत्तम चालवता यायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कुणाचा विश्वास बसणार नाही. क्लच, गिअर, ब्रेक यांच्याशी त्याचं छान जमायचं, कारण ती बिचारी बोलत नाहीत. अडायचं ते माणसांशी. माणूस जे बोलेल, तेवढंच आणि तस्संच गेनबा करायचा.

एकदा बाजाराला जाताना त्याची बायको हौसा म्हणाली, "मी येईस्तोवर घराकडं बघा." गेनबा समोरच्या पारावर बसला आणि घराकडे बघत राहिला. भर दुपारी दोन माणसं टेम्पो घेऊन आली. त्यांनी भांडी नेली, गाद्या नेल्या, भिंतीवरचं घड्याळही नेलं. गेनबाने सगळं नीट बघितलं. हौसा परत आल्यावर त्याने चोरांच्या शर्टांचे रंगसुद्धा बिनचूक सांगितले. हौसाने कपाळावर हात मारला आणि तडक माहेर गाठलं.

गेनबा तिला आणायला गेला, तर सासरे तात्याबा दारातच आडवे उभे राहिले.

"जावईबापू, आधी एखादी चांगली कंपनी धरा. लांबच्या पल्ल्याची एक खेप करून दाखवा. मग लेक नांदायला धाडतो. न्हाईतर काडीमोड!"

हौसावर गेनबाचा फार जीव होता. ती नसली की जेवण गोड लागत नव्हतं. शिवाय जेवायची वेळ झाली हेही कुणी सांगत नव्हतं, त्यामुळे तो बऱ्याचदा जेवतच नव्हता.

तालुक्याच्या नाक्यावर ट्रक कंपन्यांच्या कचेऱ्या होत्या. तिथल्याच पानटपरीला टेकून गेनबाचे बळीमामा दिवसभर बसायचे. मामांनी उभा जन्म ट्रक चालवण्यात घालवला होता आणि आता उरलेला जन्म सल्ले देण्यात घालवत होते. सल्ला मागावा लागत नसे. नुसतं समोरून गेलं तरी मिळायचा.

"मामा, कंपनी धरायचीय," गेनबा म्हणाला. "कुठनं धरू?"

"ध्यानात ठेव," मामा सुपारी चघळत म्हणाले. "मालक लोक गोडबोले असत्यात. मालकाचं गोड बोलणं अजिबात ऐकायचं न्हाई. गाडी बघायची."

गेनबा पहिल्या कचेरीत गेला. ती नागूशेठची. नागूशेठच्या जिभेवर कायम खडीसाखर. "या, या, बसा. चहा घेणार?" ते म्हणाले. गेनबाने ताबडतोब दोन्ही कानांत बोटं घातली आणि अंगणातल्या ट्रककडे टक लावून बघू लागला. शेठनी नाव विचारलं. गेनबा ट्रककडे बघतोय. शेठनी गाव विचारलं. गेनबा ट्रककडेच बघतोय. शेवटी शेठची खडीसाखर विरघळली आणि ते ओरडले, "ए बहिऱ्या, चालता हो इथनं!"

हे बोलणं गोड नव्हतं. म्हणून गेनबाने ते ऐकलं आणि चालता झाला.

"अरे येड्या!" बळीमामा म्हणाले. "मालकाशी बोलायला नको का? उलट त्याला धडाधडा प्रश्न इचारायचे. गाडी जुनी का नवी? पल्ला केवढा? घरी परत कवा सोडणार? जेवणाचं काय? समोरच्यानं तोंड उघडलं की इचारायचं, त्याशिवाय हो म्हणायचं न्हाई."

"असं होय," गेनबा म्हणाला आणि प्रश्न पुटपुटत दुसऱ्या कंपनीकडे निघाला.

ही कंपनी थोरल्या आप्पांची. कचेरीसमोर पुष्कळ माणसं खाली माना घालून बसली होती. कुणी बोलत नव्हतं. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. दुसऱ्या कुणालाही काय झालंय ते लांबूनच कळलं असतं. गेनबाला एवढंच कळलं की नोकरीसाठी फार गर्दी झालीय. तो थेट पुढे जाऊन उभा राहिला.

"थोरले आप्पा गेले," एकजण त्याला हळूच म्हणाला.

"कुठल्या गाडीनं? जुनी का नवी?" गेनबाने विचारलं.

त्या माणसाला वाटलं, दुःखाने याचं डोकं फिरलंय. "आरं, देवाघरी गेले."

"पल्ला केवढा पडतो?"

"आता न्हाई यायचे रं ते परत!"

"म्हंजे घरी सोडतच न्हाईत?" गेनबा दचकला. "मग जेवणाचं काय?"

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याला तेवढंच ऐकू आलं. तो म्हणाला, "जेवण तेराव्याला."

"तेरा दिवस उपाशी?" गेनबा सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "आप्पांनी डोळे झाकून कंपनी धरली वाटतं!"

मग आप्पांचे दोन्ही मुलगे उठले. गेनबाचा सदरा त्या दिवशी एका बाहीवर निभावला.

बळीमामांनी ते ऐकून तोंडातली सुपारी थुंकली. "गाढवा, अशी माणसं जमलेली दिसली की मान खाली घालायची. डोळ्यांत पाणी आणायचं. म्हणायचं, 'वाईट झालं. आज न्हाई तर उद्या समद्यांचं हेच व्हायचंय. धीर धरा.' अन् गुमान बसायचं."

"असं होय," गेनबा म्हणाला.

तिसरी कंपनी गोदाक्कांची. नवरा गेल्यावर गोदाक्कांनी धंदा स्वतःच्या हातात घेतला होता आणि अख्खा नाका त्यांना टरकून होता. त्या दिवशी त्यांच्या अंगणात नवाकोरा ट्रक आला होता. ट्रकला झेंडूच्या माळा, पुढे लिंबू-मिरची, नारळ फुटलेला, पेढे वाटणं चाललेलं. माणसंही पुष्कळ जमलेली. माणसं जमलेली दिसल्याबरोबर गेनबाने मान खाली घातली. डोळ्यांत पाणी येईना, म्हणून स्वतःला चिमटा काढला. मग पाणी आलं. तो ट्रकजवळ गेला, बॉनेटवर हात ठेवला आणि हुंदका दिला.

"वाईट झालं, अक्का! आज न्हाई तर उद्या समद्यांचं हेच व्हायचंय. धीर धरा!"

पेढे खाणारे तोंड उघडं ठेवून थांबले. अक्कांच्या ड्रायव्हरांनी बाह्या सरसावल्या. पण अक्कांनी हात वर केला. त्यांचा एक ड्रायव्हर कालच पळून गेला होता आणि दारात टोमॅटोचा माल पडून होता. अडलेल्या माणसाला मूर्खातही गुण दिसतात.

"गाडीला हात लावून रडला," अक्का म्हणाल्या. "एवढी माया आजवर एकानं दाखवली न्हाई. ह्याला ठेवून घ्या."

अशी गेनबाने कंपनी धरली. म्हणजे खरं तर कंपनीने गेनबाला धरलं. पण गेनबाला तो फरक कळणारा नव्हता. त्याला हौसा दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ट्रक भरला. टोमॅटो दिल्लीच्या बाजारात न्यायचे होते. अक्का म्हणाल्या, "एक गोष्ट काळजावर लिहून ठेव. येताना गाडी रिकामी आणायची न्हाई. रिकामी आणलीस तर नोकरी गेली म्हणून समज."

"न्हाई आणत," गेनबा म्हणाला. "जातो."

"अरे, निघताना जातो काय म्हणतोस!" अक्का खेकसल्या. "येतो म्हण!"

"येतो," गेनबा म्हणाला. ट्रक फाटकातून बाहेर पडला, नाक्याला वळसा घालून फाटकातून परत आत आला. "आलो," गेनबा म्हणाला.

अक्कांनी डोळे मिटले. "तोंडानं येतो म्हणायचं, अन् जायचं! तोंडानं एक, करायचं दुसरं! कळलं?"

"असं होय," गेनबा म्हणाला आणि खरोखरच गेला.

दिल्लीचा व्यापारी बाजारात त्याची वाटच बघत होता. त्याने विचारलं, "माल उतरवणार ना?" गेनबा म्हणाला, "उतरवतो की." तोंडाने एक म्हणून झालं. मग त्याने दुसरं केलं. ट्रक वळवला आणि भरलेलाच परत घेऊन निघाला. रिकामी गाडी आणायची नव्हती ना!

गेनबा येतोय हे ट्रक दिसण्याआधी नाक्याला वासावरून कळलं. लाल पाण्याची धार थेट उत्तरेपर्यंत लागली होती. अंगणात अक्का उभ्या होत्या. जावयाची खेप झाल्याचं ऐकून तात्याबाही हौसाला घेऊन आले होते. तिघांनीही नाकाला पदर, धोतर, जे हाताला लागेल ते लावलं.

"अक्का," गेनबा अभिमानाने म्हणाला, "एक टोपलीसुद्धा रिकामी आणली न्हाई."

अक्का खालीच बसल्या. मग उठल्या आणि नाक्यावरची कुत्रीसुद्धा पळतील अशा आवाजात ओरडल्या, "अरे बैला! नेलेलं समदं तिथं उतरवायचं! त्यातली काडी परत आणायची न्हाई! उतरवल्याची व्यापाऱ्याकडनं पोच घ्यायची! अन् येताना दुसरं काहीतरी भरायचं, कुठंच रिकामी जागा ठेवायची न्हाई! शिरलं का डोक्यात?"

"शिरलं," गेनबा म्हणाला. या वेळी ते खरोखरच शिरलं होतं. तीच तर पुढची पंचाईत.

तात्याबा लेकीचा हात धरून निघाले. पण हौसाने हात सोडवून घेतला. तिला राग होताच, पण नवरा वाळून काटकी झाला होता आणि तिला बघून त्याच्या डोळ्यांत चिमटा न काढताच पाणी आलं होतं.

"अक्का, अजून एक खेप द्या," ती म्हणाली. "मी स्वतः सोबत जाते. काय चुकतंय ते बघतेच."

दुसरा ड्रायव्हर मिळाला असता तर अक्कांनी हे ऐकलं नसतं. तो मिळत नव्हता. त्यांनी हैदराबादला न्यायचा गूळ भरून दिला. हौसा गेनबाशेजारच्या सीटवर बसली. सगळ्या वाटेत ती बोलत होती आणि गेनबा ऐकत होता. इतका सुखाचा प्रवास त्याने आयुष्यात केला नव्हता.

हैदराबादला गेनबाने एकही चूक केली नाही. त्याने गूळ उतरवला. ताडपत्री झाडली. नेलेली प्रत्येक गोष्ट खाली उतरल्याची खात्री केली. व्यापाऱ्याच्या मुनिमाकडून पोच घेतली. मग तांदूळ भरला, कुठेही रिकामी जागा राहिली नाही ना ते दोनदा बघितलं, आणि गाडी हाणली.

ट्रक अंगणात शिरला तो वरपर्यंत तांदळाने भरलेला. अक्कांनी ताडपत्री उचलून बघितली आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. ड्रायव्हर लोकांनी शिट्ट्या मारल्या. बळीमामा टपरी सोडून आले आणि हा माझा चेला, असं सगळ्यांना सांगत सुटले. तात्याबांनी तर जावयाला कडकडून मिठीच मारली.

"जिंकलंत, जावईबापू! आजपासनं लेक तुमची. कुठंय ती? उतरवा खाली."

"ती तिथंच उतरवली की," गेनबा म्हणाला.

"तिथं म्हंजे?"

"हैदराबादला. गोदामाच्या सावलीत भाकरी खायला ती आपणहून उतरली, म्हणून हमालाचं काम वाचलं. नेलेलं परत आणायचं न्हाई, अक्का बोलल्यात." त्याने खिशातून पोच काढून सासऱ्यांच्या हातात दिली. "हे बघा, मुनिमाकडनं मुद्दाम वाढवून लिवून घेतलंय. गुळाच्या ढेपा सगळ्या, बाई एक. माल चांगल्या स्थितीत मिळाला."

तात्याबांनी पोच उलटीसुलटी करून बघितली. एवढ्यात ट्रकचं दार करकरलं. हौसाच्या सीटवरून एक जाडजूड म्हातारी खाली उतरली. काखेत गाठोडं, हातात कोंबडी. तिने चारी बाजूंना बघितलं आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. ते कुणालाच कळलं नाही.

"अन् ही कोण?" तात्याबा किंचाळले.

"परतीचा माल," गेनबा म्हणाला.