बंदराकडचा फाटा

रस्त्यांना नुकतेच नंबर मिळाले होते, तेव्हाची ही गोष्ट. एक महामार्ग तीन राज्ये ओलांडून जात असे. बंदराकडे जाणारा त्याचा एक फाटा होता. तो इतका आखूड, की ड्रायव्हरने पेटवलेली विडी संपायच्या आत रस्ता संपे. तरी सरकारने त्यालाही महामार्गाचा नंबर आणि पाटी दिली होती.

महामार्ग हसायचा. "अरे चिमण्या, तुझ्यापेक्षा तुझी पाटीच लांब दिसते!"

एका संध्याकाळी फाटा म्हणाला, "दादा, वाऱ्याने ही पाटी पडली तर बरं होईल. मला लाज वाटते तिची."

तेवढ्यात राघो ड्रायव्हरचा ट्रक फाट्यावर वळला. महामार्गाने सहज विचारले, "माझ्यावरून जाताना हा राघो जांभया देतो, नाहीतर कुणाला तरी शिव्या घालतो. तुझ्याकडे वळल्यावर काय करतो रे?"

"आधी गाडी हळू करतो," फाटा म्हणाला. "आरशात बघून केसांवरून कंगवा फिरवतो. मग हॉर्न वाजवतो, आणि बंदराजवळच्या घराच्या दारातून त्याची बायको ओरडते, 'आलात एकदाचे! कालवण किती वेळा गरम करायचं माणसानं?' मग दोघंही हसतात."

महामार्गावरून रोज हजारो माणसे जात. पण घरी पोचलेला माणूस त्याने कधी पाहिला नव्हता.

"पाटी घट्ट धरून ठेव," तो हळूच म्हणाला. "अंधारात ती दिसली नाही, तर राघो पुढेच निघून जाईल. आणि उद्या कोण आलं, तेही मला सांग."