दोन हात माती

माणकवाडीच्या पश्चिमेला एक मोठे तळे आहे. बांध भक्कम, पसारा दोन शेतांएवढा, पण पौषानंतर आत पाण्याचा थेंब नसतो. मधोमध मातीचा एक उंच खांब एकटा उभा दिसतो. पाहुणे विचारतात, "हे काय?" तेव्हा देवळातले म्हातारे दगडू गुरव पायरीवर बसतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी गावाला पाणी नव्हते, असे सांगतात. तेव्हा रायाजी पाटलाने वडारांना बोलावले. बोली ठरली: नऊ हात खोल तळे खोदायचे आणि पावसाळाभर पुरेल इतकी ज्वारी घ्यायची. वडारांची रीत अशी, की खोदताना मध्ये मातीचा एक खांब तसाच सोडायचा. त्याला साक्ष म्हणत. साक्षीच्या उंचीवरून खोली मोजायची. शेवटचे माप होईपर्यंत वडाराने तिला हात लावायचा नाही. लावला तर मजुरी बुडाली.

यल्लप्पा हा वडारांचा म्होरक्या, आणि तिमव्वा त्याची बायको. तिला सातवा महिना होता, तरी ती पाटी उचलत होती. बाळंतपण पावसात येणार, आणि पावसात कुठेच काम नसते. त्या ज्वारीवर तिचा सगळा जीव होता.

साक्षीच्या माथ्यावर तरवडाचे एक झुडूप होते. माथा मूळचाच आहे याची ती खूण. वैशाखातही ते पिवळे फुललेले असे. पाटी रिकामी करून परतताना तिमव्वा रोज त्याच्याकडे बघायची.

नऊ हात झाले आणि पायाखाली पिवळी चिकण माती लागली. यल्लप्पाने काम थांबवले. वडारणी अजून गातात म्हणे,

*पिवळी गं माती, तळ्याची ती आई*
*तिच्या मांडीवर, पाणी झोपी जाई*

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सगळे वडार बाजाराला गेले. परत आले तर पाटील बांधावर उभा.

"मोजून घ्या," तो म्हणाला.

यल्लप्पाने काठी लावली. साक्ष सात हात भरली. त्याने पुन्हा मोजले. सातच.

"दोन हात कमी," पाटील म्हणाला. "ज्वारी पोत्यात भरून ठेवलीय. तुम्हीच उशीर लावताय."

तिमव्वाने वर पाहिले. तरवडाची पाने मिटली होती.

"धनी, झाड सुकलंय," ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

"उन्हानं सुकलं असंल."

"तरवड उन्हानं सुकतोय व्हय? साक्ष कापलीय कुणीतरी."

यल्लप्पा चिडला. "माझा हात चुकंल, माझी काठी चुकंल. साक्ष खोटं बोलत न्हाई. माझा बाप हेच सांगून मेला."

आणि त्याने कुदळ उचलली. पंधरवडाभर त्यांनी ती पिवळी माती फोडली. खाली मुरूम लागला, खडखडीत आणि भुसभुशीत. तिमव्वाच्या पाटीत आता ओला गोळा येईना, नुसता चुरा यायचा. शेवटी एक दिवस तिने पाटी खाली टाकली, पोट सांभाळत साक्षीवर चढली आणि तरवडाला हात घातला. झुडूप अलगद हातात आले. त्याला मूळ नव्हते. कुदळीने छाटून वर नुसते ठेवले होते.

*नऊ हात तळं, पाटलाला उणं*
*साक्षीचा गं माथा, छाटला त्यानं*

"बघा!" ती वरून ओरडली.

पाटलाने झुडपाकडे पाहिलेच नाही. "साक्षीला हात लागला," तो म्हणाला. "रीत तुमचीच. आता दाणा मागू नका."

यल्लप्पा खाली बसला तो उठेना. वडारांनी त्याला उचलून गाढवावर बसवले. रिकामी पोती पाठीवर टाकून तांडा निघाला. गावातल्या एका म्हातारीने तिमव्वाला वेशीत अडवले. "बाई, शाप देऊन जाऊ नकोस गं."

तिमव्वा म्हणाली, "शाप कशाला देऊ, आजी? तळं आमच्याच हातचं हाय. पण त्याची आई मेली."

त्या वर्षी तळे तुडुंब भरले. पाटलाने गावजेवण घातले. कार्तिकात पाणी उतरू लागले, पौषात तळ दिसला. मुरमाने सगळे पिऊन टाकले होते. पाटलाने वडारांच्या शोधात माणसे धाडली. यल्लप्पा वाटेतच गेला, एवढेच कळले. तिमव्वाचा आणि तिच्या बाळाचा ठाव कोणालाच लागला नाही.

मग पाटील स्वतः डोक्यावर पाटी घेऊन पिवळी माती आणू लागला, असे म्हणतात. मुरमाच्या फटी काही बुजल्या नाहीत. शेवटी तो ती माती साक्षीच्या माथ्यावर नेऊन टाकू लागला. एवढे तरी परत करावे, म्हणून. त्यातच तो म्हातारा झाला आणि गेला.

*हावेनं खणलं, दोन हात खोल*
*त्या दोन हातांत, गेली सारी ओल*

आजही माणकवाडीत मजुराची ज्वारी काम मोजण्याआधी त्याच्या पदरात घालतात. आणि आजही चैत्री अमावास्येला घरटी एक माणूस साक्षीवर मूठभर माती ठेवून येतो. पावसाळ्यात ती धुऊन जाते. इतक्या पिढ्या झाल्या, ते दोन हात अजून भरलेले नाहीत.