मध्येच थांबलेलं गाणं

फार पूर्वी खाडीकाठी एक गाव होतं. गावाची एक लांबलचक होडी होती आणि ती दरवर्षी न चुकता शेजारच्या गावाशी लागणारी शर्यत हरायची. हरणं साधं नव्हतं. जिंकणाऱ्या गावाला वर्षभर खाडीच्या तोंडाशी पहिलं जाळं टाकायचा मान मिळे आणि हरणाऱ्यांच्या वाट्याला उरलीसुरली मासळी येई. त्या वर्षी तर गावातली पोरं नुसत्या पेजेवर दिवस काढत होती.

होडीत वल्ही मारणारे पुष्कळ, पण सगळी मदार तिघांवर. गाणारा काका मध्ये बसून जुनी गाणी म्हणायचा, त्या ठेक्यावर वल्ही पडायची. तांडेल मागे सुकाणू धरायचा. पुढच्या टोकावर तीक्ष्ण नजरेची एक बाय पाणी न्याहाळत बसायची.

गावाची एक रीत होती: होडीतलं गाणं मध्येच तोडायचं नाही, खाडी रुसते म्हणे! मागच्या वर्षी बायला समोर वाळू दिसली, पण कडवं संपेपर्यंत ती बिचारी गप्प बसली. कडवं संपलं तेव्हा होडी वाळूत रुतलेली होती.

"काका गातो कमी, आठवणींत जास्त रमतो. उतरवा त्याला!" तांडेल ओरडला होता. उतरवलं. पुढच्याच सरावाला वल्ही एकमेकांवर आपटली, एकाचं बोट चेचलं. मग काकाला मुकाट्याने परत बोलावलं.

शेवटी बायच म्हणाली, "गाणं हवंच. पण मी फळीवर थाप मारली की काकाने थांबायचं आणि होडी तांडेलदादाच्या हुकमावर चालवायची. धोका टळला की पुन्हा थाप, पुन्हा गाणं."

"आणि खाडी रुसली तर?" काकाने विचारलं.

"पोरं उपाशी झोपतात काका, त्यांचं काय?"

काकाने मान डोलावली. तांडेल मात्र कुरकुरला, "माझ्या होडीत मी कधी बोलायचं ते ही सांगणार?" पण घरी त्यालाही पोरं होतीच.

शर्यतीच्या दिवशी दोन्ही होड्या बरोबरीने सुटल्या. काका रंगात आला. त्याच्या सगळ्यात लाडक्या ओळीवर तो पोचला आणि तेवढ्यात थाप पडली!

काकाच्या जिभेवर ओळ तयार होती. त्याने ती गिळली.

"समोर वाळू! डावीकडेही वाळू!" बाय म्हणाली.

"काका, तुमच्या लहानपणी खोल पाणी कुठून वाहायचं?" तांडेलाने विचारलं.

"उजवीकडून, झाडांच्या अगदी कडेने!"

"उजवी वल्ही थांबवा! डावी जोरात मारा!" तांडेल गरजला. होडी गर्रकन वळली. तळाला वाळू खरखरली आणि होडी खोल पाण्यात शिरली. बायने थाप मारली. काकाने असा सूर लावला की काठावरची माणसंही नाचू लागली.

दुसऱ्या गावाची होडी? ती वाळूत रुतून बसली होती आणि त्यांचं गाणं अजून चालूच होतं!

त्या संध्याकाळी गावाने खाडीच्या तोंडाशी पहिलं जाळं टाकलं. ते ओढायला सगळा गाव लागला, इतकी मासळी! रात्री प्रत्येक घरात पोरं पोट भरून जेवली आणि ताटावरच पेंगली.

तात्पर्य: आपल्या डोक्यातही एक आठवणींत रमणारा, एक हुकूम देणारा आणि एक पहारा ठेवणारा असतो. मनावर ताबा यांच्यापैकी एकट्याचा नसतो. कोणी कधी थांबायचं आणि कोणी कधी पुढे व्हायचं हे तिघांना जमलं, की ताबा आपोआप येतो.